पालकांना बोलावलं, सोबत घेतलं नाही

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शाळेत मी बरीच वर्षं शिकवलं. नंतर समुपदेशनाचं कामही माझ्याकडे आलं. आमच्या भागात पोरांचं पहिलं व्यसन म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घोटायचा, त्याच पन्नीची पुडी बांधायची. गुटख्यावर 2012 साली बंदी आली, तरी खर्रा ठेल्यावर डोळ्यांदेखत घोटून मिळत राहिला. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने मनाई आहे. पण ‘बाबांसाठी पाहिजे’ एवढं म्हटलं की पुडी हातात पडते. आणि बहुतेक वेळा ती खरोखरच बाबांसाठी असते.

आठवीतला एक मुलगा शाळेतल्या खिचडीत पाणी ओतून खायचा. झोंबते म्हणायचा. खाण्याचे नखरे असतील, असं मला वाटलं. तोंडाची आग होणं ही सुपारी-तंबाखूने आतली कातडी आखडू लागल्याची खूण असू शकते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढे दंततपासणीत डॉक्टरांनी त्याला स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली.

मी त्याला एकट्याला बसवून विचारलं. हे आपल्यातच राहील, असा शब्द दिला, तेव्हा तो बोलला. त्याच आठवड्यात मी त्याच्या वडिलांना शाळेत बोलावून घेतलं. मुख्याध्यापकांच्या टेबलावर दप्तरातल्या पुड्या ठेवल्या आणि कॅन्सरवर बोलत सुटले. मुलगा भिंतीला टेकून उभा होता. वडील आत येण्याआधी दाराबाहेर थुंकून आले होते, ते मी पाहिलं होतं. तरी त्यांना एक प्रश्न विचारला नाही. त्यांनी सही केली आणि गेले. ‘पालकांशी चर्चा झाली’ अशी नोंद मी रजिस्टरमध्ये केली.

त्या रात्री मुलाने मार खाल्ला. दिवाळीनंतर तो शाळेत आलाच नाही. मामाकडे वीटभट्टीवर पाठवला, असं कळलं. मी शब्द मोडला होता, आणि त्याची किंमत त्याने भरली. वर्गातल्या इतर पोरांनीही ते पाहिलं. पुढे कितीतरी दिवस माझ्याजवळ कोणी मन मोकळं केलं नाही.

दाखला न्यायला त्याची आजी आली. आई दर हंगामात मिरची तोडायला तेलंगणात जायची, बाप ट्रॅक्टरवर. पोराला सांभाळायची ती आजीच, आणि मी तिला कधी बोलावलंच नव्हतं. ती म्हणाली, “मॅडम, मले इचारलं असतं तं सांगतली असती. पुडीचे पैसे मीच देत होती. माह्यासाठी आणाले जाय, थोडा तोही खाय.” सकाळी खर्रा मिळाला नाही की त्याचं डोकं दुखतं, चिडतो, हे तिला माहीत होतं. शाळा सुटल्यावर कोणत्या पोरांसोबत तो ठेल्यावर थांबतो, हेही. व्यसन मुरण्याआधी जे कळायला हवं होतं, ते सगळं तिच्यापाशी होतं.

मग मी शिकायला लागले. पुण्यात 1986 पासून चालणाऱ्या मुक्तांगणच्या कामाबद्दल वाचलं, तेव्हा घरच्यांसाठीही स्वतंत्र गट असतात हे कळलं. अमेरिकेत 1999 साली छापून आलेला एक अभ्यास वाचला. त्यात उपचार नाकारणाऱ्या दारुड्यांच्या 130 घरच्या माणसांना तीन वेगवेगळ्या प्रकारे मदत केली होती. घरच्यांनी जमून पिणाऱ्याला समोरासमोर खडसावायचं, या पद्धतीने शंभरातले तीसच उपचाराला आले. रोजच्या वागण्यात काय बदलायचं, चांगला दिवस गेला तर त्याची दखल कशी घ्यायची, हे जिथे घरच्यांना शिकवलं, तिथे चौसष्ट आले. तो अभ्यास मोठ्या माणसांचा होता, पण मुख्याध्यापकांच्या खोलीतलं ते टेबल माझ्या डोळ्यांपुढे आलं.

त्यानंतर मुलाला मी पहिला प्रश्न विचारायचे, घरी तुझ्या जेवणाची चौकशी कोण करतं? बहुतेक वेळा नाव आईबापाचं नसायचं. घरी काय सांगणार आणि काय नाही, हे आधी त्याच्याशी ठरवायचे. जिवाला धोका दिसला तर गप्प राहणार नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगायचे. मग संध्याकाळी, माणसं कामावरून आल्यावर, घरी जायचे. मुलाला तंबाखू देणं 2015 च्या बाल न्याय कायद्याने गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद आहे. हे मी घरच्यांना सांगायचे, पण सुरुवात तिथून करायचे नाही. पूर्वी एका बापाला ते कलमच वाचून दाखवलं होतं, तर त्याने परत दार उघडलं नाही.

नंतर एका घरी वडील म्हणाले, “मलेच सुटत नाही, पोराले कोणत्या तोंडानं सांगू?” आधीची मी असते तर इथेही भाषण दिलं असतं. त्यांच्याकडे एवढंच मागितलं की खर्रा आणायला पोराला पाठवू नका आणि त्याच्यासमोर पुडी सोडू नका. तंबाखू सोडवण्याच्या सरकारी मदतवाणीचा नंबर, 1800-11-2356, दोघांनाही लिहून दिला. मुलाने फोन केला, आणि काही दिवसांनी वडिलांनीही. मुलाचा खर्रा त्या वर्षी सुटला. वडिलांचा सुटला नाही, पण ठेल्यावर ते स्वतः जाऊ लागले.