चिमटीएवढा पत्रा

विमानाच्या अंगाचा पत्रा किती जाड, असं जुन्नरला गेल्यावर कुणी विचारलं की विमानांवर पत्र्याचं काम करणारा मी चिमटी दाखवतो. प्रवासी विमानात बऱ्याच ठिकाणी तो दीड-दोन मिलिमीटरच असतो. उंचावर गेल्यावर केबिनमधली हवा त्याला दर चौरस मीटरला सुमारे साडेपाच टनांच्या भाराने बाहेर रेटते. हा भार एकटा पत्रा पेलत नाही. गोल फ्रेम, लांबीने जाणारे स्ट्रिंगर आणि हजारो रिव्हेट तो वाटून घेतात, दर उड्डाणाला नव्याने.

म्हणून पत्रे जोडायला भोक पाडलं की लगेच रिव्हेट ठोकायचा नसतो. पत्रे पुन्हा सुटे करायचे, भोकाची धार मोडायची, किस पुसून काढायचा, मग सीलंट. किसाचा कण मध्ये राहिला तर पत्रे अंगाला अंग लावून बसत नाहीत. फटीत ओल शिरते, गंज धरतो आणि पुढे भोकाच्या कडेपासून चीर निघते. तोच कण वायरींच्या जुडग्यात पडला तर थरथरीने वरचं आवरण कुरतडतो.

आमच्या भागाला विमानाचा धोका माहीत आहे तो डोंगराचा. 7 जुलै 1962 च्या अंधाऱ्या रात्री मुंबईला उतरू पाहणारं अलितालिया कंपनीचं डीसी-8 विमान जागेचा अंदाज चुकून लवकर खाली आलं आणि जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. 94 जण गेले. पण डोंगर निदान नकाशावर असतो. 25 जुलै 2000 ला पॅरिसच्या धावपट्टीवर पडलेली पट्टी कुठल्याच नकाशावर नव्हती. आधी उडालेल्या विमानाची ती टायटॅनियमची पट्टी, जेमतेम हातभर लांब. तिच्यावरून जाताना कॉन्कॉर्ड विमानाचा टायर फाटला, त्याचा तुकडा पंखावर आदळून इंधनाची टाकी फुटली, आग लागली. 113 माणसं गेली. ती पट्टी नीट बनवलेली नव्हती आणि नीट बसवलेलीही नव्हती, असं तपासात निघालं. म्हणजे मूळ आमच्यासारख्याच कुणाच्या तरी हाताखालच्या कामात होतं.

जुन्नर-आंबेगावातून आयटीआय करून पोरं या कामाला येतात. त्यांना मी आधी हत्यारांचा फळा दाखवतो. प्रत्येक हत्याराची आकृती त्यावर रंगवलेली असते. पाळी संपताना एकही आकृती रिकामी दिसली, तर हत्यार सापडेपर्यंत विमान सोडायचं नाही. आणि सॉकेट हरवलं असं येऊन सांगणाऱ्या पोराला कुणीही ओरडायचं नाही. एकदा ओरडा खाल्लेला पोरगा पुढच्या वेळी गप्प बसेल, आणि ते सॉकेट विमानाबरोबर उडेल.