वहीतल्या ओळी

तलकाडला लोक वाळू बघायला जातात आणि येताना एक ओळ घेऊन येतात. ओळ कन्नड आहे आणि ती शाप आहे. मैसूर भागात ती न येणारं शाळकरी मूल मला तरी अजून भेटलेलं नाही. कथा अशी, की १६१० साली राजा वडेयरनं श्रीरंगपट्टण घेतलं, पुढे तिथल्या विजयनगरच्या सुभेदाराच्या बायकोकडे, अलमेलम्माकडे, देवीच्या दागिन्यांसाठी माणसं धाडली. तिनं दागिन्यांसकट कावेरीत उडी घेतली, आणि त्याआधी तीन गोष्टी बोलून गेली. तलकाडची वाळू होईल, मालंगीचा डोह होईल, मैसूरच्या राजांना मूल होणार नाही.

मराठीत सांगितली की ती नुसती बातमी वाटते. कन्नडमध्ये वाळू म्हणजे मरळु, डोह म्हणजे मडु आणि मुलं म्हणजे मक्कळु. तिन्ही शिक्षा ‘म’वरून सुरू होतात, शिवाय मालंगी आणि मैसूरही त्याच अक्षरावर. मरायला निघालेल्या बाईला एवढा अनुप्रास कुठून सुचणार? तो नंतरच्या शेकडो तोंडांनी घासून घासून बसवला असणार. नदीचं वळण, उघडं पडलेलं पात्र, नैर्ऋत्येचा वारा, वरच्या अंगाला चौदाव्या शतकात घातलेला बंधारा, अशी वाळूची कारणं अभ्यासक सांगतात आणि ती पटतात. पण ती पाठ कुणी करत नाही. उलट वडेयरांच्या वाड्यात अलमेलम्माची पूजा होते. २०१५ साली राजघराण्यात दत्तक घेतला, २०१७ च्या डिसेंबरात त्या दत्तक राजाला मुलगा झाला, तेव्हा मैसूरच्या बसमध्येसुद्धा ‘शाप संपला का’ हीच चर्चा होती. ज्या गावी गंगांची राजधानी होती, जे जिंकल्यावर होयसळ विष्णुवर्धनानं ‘तलकाडुगोंड’ अशी पदवी लावून घेतली, त्या गावाचं नाव आज एका हरलेल्या बाईच्या वाक्यावर चालतं.

माझ्या मुलीनं ती ओळ आपल्या वहीत लिहिली आहे. मुलगी पंधरा वर्षांची, जन्म मैसूरचा. आम्ही मूळचे नगरचे, मिशनच्या जुन्या वस्तीतले मराठी ख्रिस्ती. घरात मराठी, शाळेत कन्नड आणि इंग्रजी, तिसरी भाषा हिंदी. म्हणून तिला देवनागरी वाचता येते, पण हिंदीच्या वाटेनं. ‘चमचा’ आणि ‘जरा’ ती हिंदीसारखे म्हणते. ‘ळ’ मात्र कन्नडमुळे असा खणखणीत, की पुण्यातल्या भाच्यांना जमत नाही. वहीत तिच्या वयाच्या मुलांसाठी लिहिलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांतली वाक्यं आहेत, चार रंगांच्या शाईत. त्यातली निम्मी मला कपावर छापण्यासाठीच लिहिल्यासारखी वाटतात. पुस्तकातून उचलून घेतली तरी पुस्तकाला काही कळणार नाही, अशी. तसं मी तिला सांगितलंही. ती म्हणाली, “आई, शापपण कपावर छापता येईल की.” हे खरं आहे, पण कप विकत कोण घेईल?

एका पानावर मात्र मी अडकले. सी. एस. लुईसच्या १९५० च्या पुस्तकात, नार्नियात पोचलेली मुलं त्या सिंहाबद्दल विचारतात, की त्याच्यापासून काही भीती नाही ना. बीव्हर हसण्यावारी नेतो आणि जे उत्तर देतो ते पुस्तक वाचलेल्या कुणाच्याही लक्षात असतं. मुलीनं खाली लिहिलं होतं, ‘मराठीत?’ रात्री स्वयंपाक आवरता आवरता आम्ही दोघी त्या एका शब्दाच्या मागे लागलो. ‘सुरक्षित’ म्हटलं की सिंहच कुठेतरी दडून सुखरूप बसलाय असं वाटतं. ‘माणसाळलेला’ सर्कशीतला झाला. ‘निरुपद्रवी’ तर सिंहाला कुणी म्हणू नये. मला ‘बिनधोक’ आठवला. पूल बिनधोक आहे, घाट बिनधोक आहे, असं आजी म्हणायची. सिंह बिनधोक नाही, पण भला आहे. ‘चांगला’ नव्हे, ‘भला’. या ‘भला’वर मुलीनं कान टवकारले, कारण तो शब्द तिला हिंदीतून ठाऊक होता, पण मराठीत माणसाला लावलेला तिनं ऐकला नव्हता.

मग तिनं विचारलं, “मराठीत अशा ओळी आहेत का? म्हणजे मुलांच्या पुस्तकात?”

मी ‘श्यामची आई’ सांगितलं. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. पाय आणि मन यांची त्यातली जोडी मराठी माणसाला झोपेतही आठवते. ती तिला आवडली, पण ‘उपदेश आहे’ म्हणाली. प्रकाश नारायण संतांचा लंपन मात्र तिनं सोडला नाही. मी वाचून दाखवत होते, ती जमिनीवर पालथी पडून ऐकत होती. कानडी वळणाची मराठी बोलणारा, शब्द चुकीच्या जागी वापरून बरोबर अर्थ काढणारा मुलगा पुस्तकात असू शकतो, हे तिला नवं होतं. लंपनची वाक्यं वहीत उतरवायला गेलं की मरतात. ती त्याच्या तोंडातच राहावी लागतात. तिनं फक्त ‘मॅड’ हा शब्द उचलला आणि पुढचा आठवडाभर घरातल्या प्रत्येक वस्तूला लावला.

आमच्या ख्रिस्ती पुस्तकांचं काय, हे तिनं विचारलं नाही, पण मला तेच टोचत होतं. बेळगावचे बाबा पदमनजी, त्यांचं १८५७ चं ‘यमुनापर्यटन’. विधवांचं दुःख मराठी कादंबरीत पहिल्यांदा त्यांनी आणलं, पण संभाषणांतून इतकं सांगितलं जातं की ओळ धरून ठेवायला सवड मिळत नाही. फादर स्टीफन्सनी १६१६ साली क्रिस्तपुराणात मराठीला मोगरीच्या आणि कस्तुरीच्या पंगतीला बसवलं, आणि ते पुराण छापावं लागलं रोमन लिपीत. (माझी मुलगी मैत्रिणीला मराठी निरोप त्याच लिपीत पाठवते.) लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट निराळी. ‘स्मृतिचित्रे’ कुठेही उघडा, बाई सुभाषित करायला बसलेल्याच नाहीत. नवरा ख्रिस्ती झाला, पाच वर्षं ताटातूट झाली, सोवळ्याच्या घरात वाढलेल्या बाईनं विचार करकरून जातिभेद मनातून काढून टाकला, आणि हे सगळं शेजारणीशी बोलावं तशा छोट्या छोट्या वाक्यांत. मला मराठीतली सगळ्यात लक्षात राहणारी वाक्यं तिथली वाटतात.

पंडिता रमाबाईंनाही तेच हवं होतं. मैसूर संस्थानातल्या गंगामूळच्या रानात जन्मलेल्या, संस्कृत कोळून प्यालेल्या या बाईनं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं ते खेड्यातल्या बायकांना कळावं म्हणून. दौंडजवळच्या केडगावला (आमच्या नगरच्या केडगावला नव्हे) मुक्तीच्या बायकांनीच ते छापलं. १९२४ साली ते बाहेर आलं, तेव्हा रमाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती.

आजीकडे ते नव्हतं. तिचं साधं, बायबल सोसायटीचं, कापडात गुंडाळलेलं. ती गेल्यावर ते माझ्याकडे आलं आणि कपाटात राहिलं. या मे महिन्यात मुलीनं ते काढलं आणि हिंदी च-ज लावत चाळायला लागली. आजीनं पेन्सिलनं रेघा मारल्या आहेत, काहींच्या बाजूला तारीख. हबक्कूक नावाच्या छोट्या पुस्तकाच्या शेवटी, जिथे फळ नाही, पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत अशी रांगच लागते, तिथे रेघ नाही. त्यानंतर येणाऱ्या ‘तरी’ या एका शब्दाभोवती गोल आहे आणि समासात ‘डिसें. ७२’.

“पणजीनं एवढ्यालाच गोल का केला?”

मी तिला बहात्तरच्या दुष्काळाचं सांगितलं. आजी तेव्हा चाळिशीची होती, रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. बैलांची जोडी मिळेल त्या भावाला विकली होती. कामावर सुकडी मिळायची, ती पदरात बांधून मुलांसाठी आणायची, आणि रेशनवर मिलो. मला सांगताना ती कधी रडली नाही, फक्त मिलोच्या भाकरीचा विषय निघाला की तोंड वाकडं करायची.

मुलगी बराच वेळ त्या गोलावर बोट ठेवून बसली होती. मग तिनं वही उघडली. मला वाटलं, ती ओळ उतरवून घेईल. तिनं देवनागरीत ‘मिलो’ लिहिलं, आणि पुढे कन्नडमध्ये त्याचा अर्थ, केंपु जोळ. मग मला विचारलं, “भाकरी थापता यायची का त्याची? की तुटायची?”