शॉकअप गेलेत, बाबा!

व्हायब्रेशनच्या पेपरात स्प्रिंग-मास-डॅम्परची आकृती आपण डोळे मिटून काढतो. तोच डॅम्पर गाडीखाली असतो. गॅरेजमध्ये त्याला शॉकअप म्हणतात. गाडीचं वजन तो पेलत नाही, ते काम स्प्रिंगचं. पण दबलेली स्प्रिंग नाचत राहते. तिला आवरतं ते शॉकअपमधलं तेल. बारीक छिद्रांतून जाताना ते तिची ऊर्जा उष्णतेत घालवतं.

आमची जुनी गाडी पौडहून ताम्हिणीकडे जाताना पाळण्यासारखी डुलायची. बाबा खूश, "बघ, कशी लोण्यासारखी चालते!" मागे आई आवळासुपारी चघळत गप्प. एकदा मी बॉनेटचा कोपरा दाबून सोडला. धड शॉकअप असता तर गाडी वर येऊन स्थिरावली असती. आमची तीनदा डुलली. खाली शॉकअपवर तेलाचा ओघळ, टायर जागोजागी खोलगट झिजलेले.

शॉकअप एका दिवसात जात नाही, म्हणून आपल्याला सवय होते. पण घाटातल्या खडबडीत वळणावर ब्रेक दाबला आणि चाक उसळून रस्त्यावरून सुटलं, तर अधांतरी चाकाला ब्रेक लागून काय उपयोग?

एका एक्सलचे दोन्ही शॉकअप एकदम बदलायचे. पुढच्या स्ट्रटवर स्प्रिंग दाबून बसवलेली असते. स्प्रिंग कॉम्प्रेसर न लावता वरचा नट सोडणं म्हणजे जिवाशी खेळ. ते काम मेकॅनिकचंच.

नवे बसवल्यावर बाबा कुरकुरले, "गाडी कडक झाली रे."

आईला मात्र त्या दिवशी ताम्हिणीत आवळासुपारी लागली नाही.