जुन्या ट्रकचे सोबती

माणसाला कोणत्या वयात कोणता छंद जडेल, याचा काही नेम नसतो. कोणी टपालाची तिकिटे जमवतो, कोणी शिंपले वेचतो, तर कोणी गडकिल्ल्यांच्या वाटा तुडवतो. माझ्या तीन मित्रांना उतारवयात जो छंद लागला, तो मात्र जरा वजनदारच म्हणावा लागेल. कारण त्याचे वजन टनांत मोजावे लागते! लष्कराच्या सेवेतून केव्हाच बाहेर पडलेले, कुठेतरी गंजत उभे असलेले जुने ट्रक शोधून काढायचे आणि त्यांना पुन्हा चालते करायचे, हा तो छंद होय.

पुणे शहराला हा छंद शोभतो. येथे सेनेच्या दक्षिण कमांडचे मुख्यालय आहे. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा आहे. त्याच खडकीत 'बॉम्बे सॅपर्स' या पराक्रमी पथकाचे ठाणे आहे आणि सेनेची वाहने दुरुस्त करणारी मोठी कर्मशाळाही आहे. पाटीवर वर टोक केलेल्या बाणाचे चिन्ह असलेले हिरवे ट्रक पाहत पाहतच आम्ही पुणेकर लहानाचे मोठे झालो.

माझे हे तीन मित्र म्हणजे तीन तऱ्हा आहेत. पहिले सुभेदारसाहेब. सेनेची यंत्रे व वाहने दुरुस्त करणाऱ्या 'ईएमई' या दलात त्यांनी अठ्ठावीस वर्षे नोकरी केली. हे दल १५ ऑक्टोबर १९४३ रोजी, ऐन महायुद्धात उभे राहिले, हे ते कोणालाही न विचारता सांगतात. दुसरे आमचे मिस्त्री. त्यांचे शालेय शिक्षण चौथीपर्यंतच झाले. पण इंजिनाच्या आवाजावरून त्याचे दुखणे ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. तिसरे बँकेतून निवृत्त झालेले रोखपाल. खर्चाचा हिशेब आणि चहाची व्यवस्था ही दोन्ही खाती त्यांच्याकडे आहेत. राहिलो मी. आयुष्यभर खडू आणि फळा यांच्या सहवासात काढलेल्या माझ्यासारख्या मुख्याध्यापकाला पाना कोण देणार? माझ्याकडे वही आली. गाडीचा कोणता भाग कोठून सुटला, त्याचे नट-बोल्ट कोणत्या डब्यात ठेवले, हे लिहून डब्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या, हे माझे काम. खडकीच्या बाजारामागील एका पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी आमची ही शाळा भरते.

२०१९ सालच्या पावसाळ्यानंतर मिस्त्री एका रविवारी म्हणाले, "एक गाडी आहे. चाळीस वर्षे माझ्या डोक्यात आहे. चला, दाखवतो." त्यांनी आम्हांला सातारा रस्त्याने खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी नेले. तेथे एका बंद पडलेल्या गॅरेजच्या मागे, घाणेरीच्या झुडपांत ती गाडी उभी होती. तिचे नाक चपटे होते. समोरच्या काचा वरच्या बाजूने पुढे झुकलेल्या होत्या. पाठीवर मात्र माल ठेवण्याचा हौदा नव्हता. त्याच्या जागी लोखंडी रुळांच्या तुकड्यांची एक उंच यारी उभारलेली होती. तिला हाताने फिरवायचा रहाट आणि पोलादी तारेचा दोर होता. घाटात उलटलेल्या, चरात गेलेल्या मालमोटारी ओढून काढण्याची ही क्रेन. जलशक्तीवर, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या नव्या क्रेन आल्या आणि हिचे काम संपले.

सुभेदारसाहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि ते एकदम ताठ उभे राहिले. "ही कॅनडाची आहे," ते म्हणाले, "महायुद्धातली!"

त्यांचे म्हणणे खरे ठरले. दुसऱ्या महायुद्धात कॅनडा या देशाने आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने तयार केली. त्या काळी त्या देशाची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आतच होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या उद्योगाचे मोल कळते. एरवी बाजारात एकमेकींशी चढाओढ करणाऱ्या फोर्ड आणि शेव्हरोले या कंपन्यांनी हे ट्रक एकाच आराखड्याबरहुकूम बनवले. जहाजात जागा कमी लागावी म्हणून त्यांचे नाक आखूड ठेवले होते. काचा पुढे झुकवण्यामागेही विचार होता. काचेवर पडलेले ऊन वर आकाशाकडे चमकले, तर शत्रूच्या विमानाला गाडीचा ठावठिकाणा लागेल. म्हणून ते ऊन खाली जमिनीकडेच परतावे, अशी ती योजना होती. या जातीच्या कितीतरी गाड्या हिंदुस्थानात आल्या. त्यांतल्या काहींच्या सांगाड्यांवर येथेच चिलखती पत्रे चढवून लढाऊ गाड्या बनवल्या गेल्या. त्यांचे पोलाद जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्यातले असल्यामुळे त्यांना 'टाटानगर' असे सुटसुटीत नाव पडले होते.

मुलांनो, युद्ध म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर तोफा आणि रणगाडे येतात. त्यांचे कौतुकही होते. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, १९९४ साली रणगाड्यांचे संग्रहालय उघडले. ते तुम्ही अवश्य पाहावे. परंतु रणगाड्याला इंधन, तोफेला गोळा आणि जवानाला भाकरी पोहोचवतो तो ट्रक. १२ जानेवारी १९४५ रोजी आसामातील लेडो येथून निघालेला लष्करी वाहनांचा तांडा डोंगर, चिखल आणि अरण्य तुडवत, सुमारे सतराशे किलोमीटरांची मजल मारून ४ फेब्रुवारीला चीनमधील कुनमिंगला पोहोचला. त्या तांड्यातल्या चालकांची नावे आज किती जणांना ठाऊक आहेत? ओझे वाहणाऱ्याची आठवण ठेवणारे थोडेच.

युद्ध संपले आणि या वाहनांची गरजही संपली. सरकारने ती लिलावाने विकली. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द त्या काळात घरोघरी पोहोचला होता. नव्या गाड्या दुर्मीळ होत्या. त्यामुळे या लष्करी ट्रकांनीच देशातला लाकूडफाटा वाहिला, कोणी त्यांवर लाकडी सांगाडा चढवून प्रवासी नेले, तर कोणी त्यांच्या क्रेन केल्या. आमची गाडी अशाच एका लिलावातून घाटाच्या पायथ्याशी आली होती.

गाडी खडकीला आणल्यावर काम सुरू झाले. गंजलेल्या बोल्टांना रात्रभर तेल पाजायचे, सकाळी पाना लावायचा, तरीही नच हलले तर गॅसच्या ज्योतीने शेकायचे. एखादा नट सुटला, तर गड जिंकल्याचा आनंद! चाके काढताना सुभेदारसाहेबांनी आम्हां सर्वांना हाताने मागे सारले. ही चाके दोन अर्ध्या भागांची असतात आणि ते भाग नटांनी एकमेकांना जखडलेले असतात. टायरमध्ये हवा असताना ते नट सैल केले, तर चाकाचे तुकडे तोफगोळ्यासारखे उडतात आणि समोरचा माणूस जिवानिशी जातो. म्हणून ते नट तांबडे रंगवण्याची पद्धत होती. आम्ही मातीचा थर पुसला, तो त्याखाली तांबडा रंग खरोखरच दिसला. सात-आठ दशकांपूर्वीचा तो कोण अनोळखी कारागीर! पण आपला रंगाचा कुंचला फिरवून त्याने आमच्या मिस्त्रींना जणू बजावले होते, "बाबा रे, जपून!"

सर्वांत रमणीय काम होते रंग खरवडण्याचे. झाडाच्या बुंध्यावरची वर्तुळे मोजून त्याचे वय सांगतात ना? तसेच गाडीच्या रंगांचे असते. दारावरचा पिवळा थर बारीक पॉलिशकागदाने घासला, तर खाली निळा निघाला, निळ्याखाली तांबडा, आणि सर्वांत खाली काळपट हिरवा, लष्करी. मी वहीत लिहून घेतले. एका तळहाताएवढ्या जागेत एका गाडीचे सगळे आयुष्य उलगडले होते. इंजिनाचीही तीच कथा. मूळचे आठ सिलिंडरांचे पेट्रोल-इंजिन केव्हाच गेले होते. त्याच्या जागी पर्किन्सचे डिझेल-इंजिन बसवलेले होते. पेट्रोलचा खर्च परवडेना म्हणून अशी अदलाबदल त्या काळी पुष्कळांनी केली.

आणि येथेच आमच्या मित्रमंडळात वादाची ठिणगी पडली.

सुभेदारसाहेबांचे मत असे पडले, की गाडी तिच्या मूळ रूपात आणली पाहिजे. यारी कापून काढावी, मागे हौदा बसवावा, जुने पेट्रोल-इंजिन मिळवावे. "हिचा जन्म सैन्यासाठी झाला," ते म्हणाले. "सैनिकाला त्याच्या गणवेषातच मान द्यायचा असतो." रोखपालांनीही त्यांना दुजोरा दिला. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी व दुचाकींसाठी वेगळा नियम केला. त्यातही वाहन मूळ स्वरूपात असावे, अशीच अट आहे, याकडे त्यांनी बोट दाखवले.

मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हातातला पाना खाली ठेवून ते म्हणाले, "ती यारी माझ्या उस्तादांनी बांधली. छप्पन्न साली. मी अकराव्या वर्षी त्यांच्याकडे कामाला लागलो, तो तिच्याच सावलीत. पावसाळ्याच्या रात्री मी कंदील धरायचो आणि ते रहाट फिरवायचे. कितीतरी ड्रायव्हर आम्ही ओढून बाहेर काढले. तुम्हांला कापायची तर कापा. मी मात्र त्या दिवशी येणार नाही."

पुढचे दोन रविवार मिस्त्री खरोखरच आले नाहीत. शेडमध्ये हत्यारे होती, गाडी होती, चहाही होता. पण कामात जीव नव्हता. मला दोघांचेही म्हणणे पटत होते आणि म्हणूनच काही बोलता येत नव्हते. ज्या कामासाठी एखादी वस्तू घडली, ते तिचे खरे रूप, की ज्या कामात तिचे आयुष्य झिजले, ते खरे? गाडी सैन्यात राहिली असेल फार तर चार-पाच वर्षे; घाटात ती पन्नास वर्षे राबली. परंतु केवळ वर्षे मोजून मान ठरवावा, हेही योग्य नव्हे.

तिसऱ्या रविवारी सुभेदारसाहेब एकटेच यारीखाली आडवे झाले. विजेरीच्या उजेडात त्यांनी तिचा एकेक सांधा पाहिला. अर्ध्या तासाने ते बाहेर आले, तेव्हा त्यांच्या पाठीला गंज आणि कपाळाला ग्रीस लागले होते. त्यांनी मला विचारले, "गुरुजी, हे बांधणारा माणूस किती शिकला होता?"

"मिस्त्री म्हणतात, त्यांना सहीही येत नव्हती."

"एकही रिबिट वाकडी नाही," ते हळूच म्हणाले. "भार कुठे येणार, हे त्याने बरोबर ओळखले आहे. अडकलेली गाडी ओढून काढायची, हेच तर आमच्या दलाचे काम. तो आमच्या पथकात असता, तर साहेबांनी त्याची पाठ थोपटली असती." त्यांनी लगेच मिस्त्रींना फोन लावला. मी एकच वाक्य ऐकले : "या मिस्त्री, तुमच्या उस्तादांची यारी मला शिकवा."

मिस्त्री आले. त्या दिवशी आमच्या शेडमध्ये वाद झाला नाही, निर्णय झाला. गाडीचे तोंड आणि दारे काळपट हिरवी करायची. यारी आहे तशीच ठेवायची, फक्त तिचा गंज काढायचा. घाटात राबलेले पर्किन्सचे इंजिनच पुन्हा जिवंत करायचे. नव्या क्लचच्या चकत्या नाना पेठेत मिळाल्या. मैलांचे आकडे असलेला वेगमापक मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एका चादरीवर, कुलपांच्या आणि कंदिलांच्या ढिगात सापडला. आणि डाव्या दारावर तळहाताएवढी जागा आम्ही रंगवलीच नाही. पिवळा, निळा, तांबडा आणि हिरवा असे चारही थर तेथे तसेच ठेवून त्यांवर पारदर्शक रोगण दिले.

ज्यांना शास्त्रशुद्ध जीर्णोद्धार हवा असतो, असे काही जाणकार गाडी पाहून नाक मुरडतात. "ना धड लष्करी, ना धड क्रेन!" असे एकाने तोंडावर म्हटलेही. सुभेदारसाहेब त्यावर हसतात आणि पाहुण्याला दारावरचे ते चार रंग दाखवतात. मला त्यांचे करणे योग्य वाटते. जुने जपणे म्हणजे काळाचे काटे मागे फिरवून मधली सारी वर्षे पुसून टाकणे नव्हे. कॅनडातल्या कारखान्यातला कामगार, नट तांबडे रंगवणारा तो अनाम हात, युद्धातला चालक, घाटातले निरक्षर उस्ताद आणि कंदील धरणारा अकरा वर्षांचा पोर, या सर्वांनी मिळून ती गाडी आपल्यापर्यंत पोहोचवली आहे. त्यांतल्या एकालाही खाली उतरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मुलांनो, तुमच्या घरीही एखादे जुने शिवणयंत्र, आजोबांची सायकल किंवा माळ्यावर पडलेला पितळी स्टोव्ह असेल. तो भंगारात देण्यापूर्वी एकदा उलटून पाहा. कुठे डाग दिलेला असेल, कुठे तारेने बांधलेले असेल, कुठे दुसऱ्याच यंत्राचा स्क्रू बसवलेला असेल. तो डाग कोणी दिला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. मात्र विचारायला उशीर करू नका. कारण वस्तू पुष्कळ वर्षे टिकते, तिची हकिकत सांगणारा माणूस तेवढा टिकत नाही.