लाल डगल्याच्या बाजूने

‘विकेण्डला काय करतोस?’ असं ऑफिसात कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. ‘व्हर्जिनियात असतो’ म्हटलं तर समोरच्याला वाटतं, याला ऑनसाइट मिळालंय! प्रत्यक्षात मी कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये सतरंजीवर वीस बाजूंचा फासा घेऊन बसलेला असतो. व्हर्जिनिया खरीच, पण १७७५ सालची.

रोलप्लेइंग गेम म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एकजण गेममास्टर. तो गोष्ट सांगतो. बाकीचे आपापलं पात्र होऊन काय करायचं ते ठरवतात, आणि ते जमलं की नाही हे फासा सांगतो. ना स्क्रीन, ना जॉयस्टिक. बहुतेक ग्रुप ड्रॅगन मारतात. आम्ही अमेरिकन राज्यक्रांती खेळतो, कारण आमच्या गेममास्टरला इतिहासाचं वेड आहे आणि फ्लॅटही त्याचाच आहे.

सुरुवातीला वाटलं, सोप्पं आहे. इंग्रजांविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध, त्यात विचार कसला करायचा? आपण १८५७ आणि १९४२ पाठ करत मोठे झालोय. लाल डगला दिसला की तो व्हिलन, हे आपल्या हाडात भिनलेलं. मग चिठ्ठ्या टाकून पात्रं वाटली. टेस्टिंगमधल्या मैत्रिणीला विल्यम्सबर्गची छापखानेवाली मिळाली, क्रांतीची पत्रकं छापणारी. माझ्या रूममेटला तंबाखूचा मळेवाला, कट्टर देशभक्त. आणि मला त्याच मळ्यावरचा गुलाम. वय २२, घोड्यांची कामं येतात, लिहिता-वाचता येत नाही.

तिसऱ्या शनिवारी गेममास्टरने एक जाहीरनामा सांगितला. हा खराखुरा बरं का. नोव्हेंबर १७७५मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने जाहीर केलं, की बंडखोरांचे जे गुलाम हत्यार धरू शकतात आणि राजाच्या सैन्यात येतील, ते मोकळे. सतरंजीवर एकदम शांतता. रूममेटने माझ्याकडे पाहिलं. एरवी मी रोज याच्याच बाइकवर मागे बसून ऑफिसला जातो.

‘तू जाणार?’

‘तू अडवणार?’

गंमत म्हणजे त्याचं पात्र बदमाश नव्हतं. प्रतिनिधित्व नाही तर कर नाही, यावर ते मनापासून बोलायचं, त्यासाठी सगळा मळा पणाला लावायला तयार होतं. ‘राजाने आम्हाला गुलाम करून ठेवलंय’ हा त्याचा पेटंट डायलॉग. तो टाकताना घोड्याचा लगाम माझ्या हातात द्यायचा!

बरं, डनमोर तरी संत होता का? त्याचे स्वतःचे गुलाम होतेच, त्यांना त्याने सोडलं नाही. राजाशी इमान राखणाऱ्या मालकांच्या गुलामांनाही जाहीरनामा लागू नव्हता. शिवाय अट हत्यार धरण्याची. माझ्या पात्राची आई त्याच मळ्यावर, पन्नाशी ओलांडलेली. गेममास्टरने हे पहिल्याच दिवशी माझ्या कागदावर लिहून ठेवलं होतं. लबाड!

मी गेलो. आईला मागे ठेवून. नदी ओलांडताना फाशावर १७ पडले, पोचलो. शेकडो माणसं तेव्हा खरोखरच अशी गेली, त्यांची ‘इथिओपियन रेजिमेंट’ उभी राहिली. ९ डिसेंबरला ग्रेट ब्रिजच्या लढाईत डनमोर हरला आणि १७७६मध्ये देवीच्या साथीने या सैनिकांचा फडशा पाडला. त्या साथीचे फासे आम्हाला दर आठवड्याला टाकायला लागले.

कॉम्प्युटर गेम्समध्ये हे असं होत नाही. ‘असॅसिन्स क्रीड थ्री’ (२०१२) मला आवडतो. त्याचा अर्धा मोहॉक नायक वॉशिंग्टनला मदत करतो आणि तरी त्याच्या लोकांची जमीन जातेच. पण तिथे सगळं आधीच ठरलेलं, तुम्ही फक्त झाडांवरून पळा. ‘मास इफेक्ट’मध्ये (२००७) निवड तुमची, पण भलेपणाला निळे पॉइंट, आडदांडपणाला लाल. आईला सोडून जाणाऱ्याला कुठला रंग द्यायचा, सांगा. आणि गुंतागुंत म्हणजे ‘चुका काय, दोन्हीकडे होत्या’ म्हणत हात झटकणंही नव्हे. माणूस विकत घेणं वाईटच, त्यात फिफ्टी-फिफ्टी काही नाही. प्रश्न एवढाच, की त्या बावीस वर्षांच्या पोराला त्या रात्री उघडी दारं किती होती.

छापखानेवाली मात्र एकदा भडकली. पिझ्झा खात गुलाम-गुलाम खेळतोय आपण, लाज नाही वाटत? त्या रात्री फासा पडलाच नाही, दोन तास नुसती चर्चा. शेवटी ठरलं, की चाबूक आणि लिलाव हे सीन खेळायचे नाहीत. ते घडत होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. कुणीही हात वर केला की सीन तिथेच कट. रूममेटने हळूच विचारलं, ‘मग मी मळेवाला सोडू का?’ मीच नको म्हटलं. सगळेच चांगले होऊन बसलो तर ती व्हर्जिनिया कसली?

बाबांना फोनवर सांगितलं की मी इंग्रजांकडून लढतोय. ते म्हणाले, ‘आपल्या घरात असलं चालायचं नाही.’ मी म्हटलं, बाबा, यॉर्कटाउनला १७८१मध्ये शरण आलेला कॉर्नवॉलिस पुढे आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला. टिपूविरुद्धच्या युद्धात त्याच्या जोडीला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन होते.

‘ते वेगळं,’ बाबा म्हणाले.

पुढच्या खेळासाठी मी पात्र हेरून ठेवलंय. हॅरी वॉशिंग्टन. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननवरचा गुलाम. १७७६मध्ये पळून इंग्रजांना मिळाला, १७८३मध्ये त्यांच्याच जहाजाने नोव्हा स्कोशियाला गेला, १७९२मध्ये तिथून सिएरा लिओनला. तिथे इंग्रज कंपनीने जमिनीवर सारा मागितला. १८००मध्ये त्याविरुद्ध जे बंड झालं, त्यात हाही होता. रूममेटला हे इतकं आवडलंय की आता त्यालाच हॅरी व्हायचंय. कंपनीचा कारकून व्हायला कुणीच तयार नाही, त्यामुळे शनिवारी पुन्हा चिठ्ठ्या.