छायाचित्रात नसलेली मिशेल

१९९९ च्या जुलै महिन्यात आम्ही एम. ए.चे विद्यार्थी होतो. वसतिगृहाच्या वाचनालयात येणाऱ्या वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर त्या आठवड्यात एक छायाचित्र छापून आले आणि त्यावरून आमच्यात दोन-तीन दिवस वाद रंगला. गुडघ्यांवर बसलेली, अंगातील जर्सी काढून मुठीत धरलेली, आनंदाने ओरडणारी एक खेळाडू. तिचे नाव ब्रँडी चेस्टेन. १० जुलै रोजी कॅलिफोर्नियातील पासाडीना येथे, नव्वद हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर झालेल्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तिने पेनल्टीचा शेवटचा फटका जाळ्यात मारला आणि अमेरिकेने चीनला हरवले. आमचा वाद अर्थात फुटबॉलविषयी नव्हता, तो जर्सीविषयी होता. स्त्रीवादी समीक्षा नुकतीच अभ्यासक्रमात आली होती आणि प्रत्येकाला काही ना काही म्हणायचेच होते. औचित्य, देहभान, पुरुषी नजर हे सारे शब्द आम्ही त्या एका छायाचित्रावर खर्ची घातले. सामना कसा झाला, हे मात्र कोणीही वाचले नव्हते.

त्या संघातील एक खेळाडू तो क्षण मैदानावरून पाहू शकली नव्हती, हे आम्हांला कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. तिचे नाव मिशेल एकर्स. चेस्टेनचा फटका जाळ्यात गेला तेव्हा ती स्टेडियमच्या आतील वैद्यकीय खोलीत होती. शिरेतून सलाइन चालू होते आणि बाहेर काय चालले आहे ते ती दूरचित्रवाणीवर पाहत होती.

एकर्सचा जन्म १९६६ चा, कॅलिफोर्नियातला; बालपण मात्र सिअ‍ॅटलजवळ गेले. लहानपणी तिला पिट्सबर्ग स्टीलर्स या संघाकडून खेळायचे होते. हा संघ अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे हाताने चेंडू धरून धावायच्या, धडका घ्यायच्या खेळाचा. मुली तो खेळत नाहीत, असे तिला सांगण्यात आले. मग ती पायाने खेळायच्या फुटबॉलकडे वळली. पण धडक घेण्याची वृत्ती तिने सोबत आणली असावी, असे तिचे जुने सामने पाहताना वाटते. १९७२ साली अमेरिकेत शिक्षणसंस्थांतील लिंगभेदाला मनाई करणारा कायदा झाला होता आणि त्यामुळे विद्यापीठांना मुलींच्या खेळांवरही खर्च करणे भाग पडले होते. एकर्सच्या पिढीला मैदान मिळाले ते या कायद्याने. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाकडून ती खेळली आणि महाविद्यालयीन फुटबॉलमधील हर्मन ट्रॉफी १९८८ मध्ये प्रथमच एका मुलीला देण्यात आली, तेव्हा ती मुलगी एकर्स होती.

अमेरिकेचा महिला संघ १९८५ च्या ऑगस्टमध्ये इटलीत आपले पहिले आंतरराष्ट्रीय सामने खेळला. पहिला सामना तो हरला आणि त्यात गोलही झाला नाही. दुसरा डेन्मार्कशी बरोबरीत सुटला आणि त्यात एकर्सने गोल केला. या संघाच्या नावावर पुढे शेकडो गोल जमा झाले. त्या जमाखर्चातील पहिली नोंद तिची आहे.

१९९१ मध्ये चीनमध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली. 'विश्वचषक' हे नाव तेव्हा फिफाने त्या स्पर्धेला दिले नव्हते. सामनेही नव्वदऐवजी ऐंशी मिनिटांचे ठेवले होते. का, याचा तर्क वाचकांनीच करावा. एकर्सने सहा सामन्यांत दहा गोल केले, त्यांपैकी पाच एकाच सामन्यात. ग्वांगझू येथे नॉर्वेविरुद्ध झालेल्या अंतिम सामन्यात अमेरिकेचे दोन्ही गोल तिचेच. दुसरा गोल झाला तेव्हा ऐंशी मिनिटांतली दोनच उरली होती. विश्वविजेता संघ मायदेशी परतला, तर तिथे फारशा कोणाला त्याची खबर नव्हती.

इथवरची कथा आपल्या ओळखीची आहे. उपेक्षा, जिद्द, विजय हा चरित्रलेखनाचा राजमार्ग; परीक्षेत प्रश्न आला तर विद्यार्थी डोळे मिटून लिहील असा. एकर्सचे आयुष्य या मार्गावरून जिथे खाली उतरते, तिथून आमचा तिच्याशी संबंध सुरू होतो.

१९९१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत तिला थकवा जाणवू लागला. १९९३ मध्ये ती मैदानावर कोसळली. पुढे निदान झाले, 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम'. या विकाराचे लक्षण विलक्षण आहे. यात विश्रांतीने थकवा जात नाही आणि श्रम केले की तो कित्येक पटींनी परततो, कधी दुसऱ्या दिवशी, कधी त्याच्याही नंतर. डोके दुखते, शब्द आठवत नाहीत, झोप होऊनही झोप झालेली नसते. आणि बाहेरून पाहणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही. १९८० च्या दशकात पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी याला 'यप्पी फ्लू' असे नाव देऊन टाकले होते. सुखवस्तू तरुणांचे दुखणे, असा त्यातला छद्मी अर्थ. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने हा गंभीर शारीरिक आजार असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले ते २०१५ साली.

आम्ही भाषेचे विद्यार्थी, त्यामुळे आमचे लक्ष आधी शब्दांकडे जाते. मराठीत थकव्याला शब्दांची वाण नाही. शीण, शिणवठा, दमणूक, मरगळ, ग्लानी. शिवाय 'चालून चालून पाय भागले' यातले ते सुंदर 'भागणे'. परंतु यांतील बहुतेक शब्दांच्या पोटात एक गृहीतक आहे. आधी श्रम, मग शीण. आणि विसावा घेतला की शीण उतरतो. म्हणजे थकवा हा कमवावा लागतो. ज्याने श्रम केलेले दिसत नाहीत, त्याच्या थकव्याला आपण 'मरगळ' म्हणतो आणि मरगळ म्हटले की आळसाचे घर लांब नसते. न कमावलेल्या, न उतरणाऱ्या थकव्यासाठी आपल्याकडे निंदेविना एकही शब्द नसावा, हे आम्हांला अस्वस्थ करते.

अस्वस्थ करते, कारण तो शब्द आम्ही वापरलेला आहे. साधारण दहा वर्षांपूर्वी आमच्या एम. ए.च्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. विद्यापीठाच्या संघातून खो-खो खेळलेली, धट्टीकट्टी. दिवाळीनंतर ती वर्गात बाकावर डोके टेकून बसू लागली. पुढे येईनाशी झाली. आली की म्हणे, 'ताप येऊन गेला, तेव्हापासून थकायला होतं.' एकदा भर वर्गात आम्ही म्हणालो, 'खेळाडू असून एवढी मरगळ?' वर्ग हसला. तीही हसली आणि सरळ होऊन बसली. वर्षअखेरीस पंच्याहत्तर टक्क्यांहून कमी हजेरी असलेल्यांची यादी आली, तीत तिचे नाव होते. तिने आणलेला डॉक्टरांचा दाखला आम्ही वाचला, तिच्याकडे पाहिले, आणि काही दिसले नाही म्हणून यादीवर सही केली. तिला नेमके काय झाले होते, हे आम्ही कधी विचारलेच नाही. एकर्स आम्हांला भेटली ती यानंतर दोनेक वर्षांनी, चरित्र-आत्मचरित्राच्या अभ्यासपत्रिकेसाठी खेळाडूंची आत्मकथने चाळत असताना.

या आजारासह एकर्स खेळत राहिली. १९९५ च्या विश्वचषकात पहिल्याच सामन्यात, सुरुवातीच्या काही मिनिटांत, ती जखमी झाली. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये महिला फुटबॉलचा प्रथमच समावेश झाला. उपांत्य सामन्यात नॉर्वेविरुद्ध अमेरिका पिछाडीवर असताना तिने पेनल्टीवर बरोबरी साधून दिली आणि संघाने पुढे सुवर्णपदक मिळवले. तोवर गोल करणाऱ्या आघाडीच्या खेळाडूचे काम सोडून ती मागे, मध्यरक्षणात खेळू लागली होती. धाव वाचावी हा त्यामागील एक हेतू. सामना संपला की इतर जणी जल्लोष करत आणि ती सलाइन लावून घ्यायला जाई. ही शौर्यगाथा म्हणून सांगता येते आणि तशी ती सांगितलीही गेली आहे. आम्हांला त्याची थोडी भीती वाटते. या आजाराच्या अनेक रुग्णांना अंथरुणातून उठून स्नान करणेही जड जाते. त्यांच्यापुढे 'ती बघ, विश्वचषक खेळली' असे उदाहरण ठेवणे म्हणजे त्यांना पुन्हा एकदा आळशी ठरवणे होय. तिचे आत्मचरित्र २००० साली एका ख्रिस्ती प्रकाशनसंस्थेने काढले. आपल्याला श्रद्धेने तारले, असे ती सांगते. तिच्या श्रद्धेबद्दल आम्हांला आदर आहे. परंतु प्रत्येक दुखण्याला शेवटी काही अर्थ सापडलाच पाहिजे, हा आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराचा आग्रह आम्हांला अलीकडे पटेनासा झाला आहे. असो.

तर १० जुलै १९९९. भर दुपारचे ऊन. तेहतीस वर्षांची एकर्स चीनचे हल्ले मध्यभागी अडवत होती, उंच चेंडू डोक्याने परतवत होती. नव्वद मिनिटे संपता संपता कॉर्नरवरून आलेला चेंडू दूर लोटताना अमेरिकेची गोलरक्षक ब्रायना स्करी हिचा ठोसा एकर्सच्या डोक्याला लागला. तिला बाहेर नेण्यात आले. जादा वेळेत ती नव्हती, पेनल्टीच्या वेळी नव्हती आणि म्हणून त्या छायाचित्रातही असणे शक्य नव्हते. छायाचित्र खोटे नाही; चेस्टेनचा आनंद आणि स्करीने अडवलेली पेनल्टी यांचे मोल आम्ही कमी करत नाही. पण ज्या नव्वद मिनिटांत सामना गोलशून्य राहिला, त्यांचे छायाचित्र कोण काढणार? न झालेल्या गोलाला चेहरा नसतो. चषक देऊन झाल्यावर ती कशीबशी मैदानावर आली, तेव्हा प्रेक्षकांनी तिच्या नावाचा गजर केला.

२००० च्या ऑगस्टमध्ये, सिडनी ऑलिंपिकच्या तोंडावर, खांद्याच्या दुखापतीने तिने निवृत्ती घेतली. दीडशेहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने आणि शंभराहून अधिक गोल तिच्या नावावर होते. त्याच वर्षाच्या अखेरीस फिफाने शतकातील सर्वोत्कृष्ट महिला खेळाडूचा मान तिला आणि चीनच्या सुन वेनला विभागून दिला. अमेरिकेतील महिलांची पहिली व्यावसायिक लीग २००१ मध्ये सुरू झाली. तोवर तिचे खेळणे संपले होते. पुढे ती जॉर्जियात टाकून दिलेल्या, उपासमार झालेल्या घोड्यांचा सांभाळ करू लागली. आयुष्यभर हजारो चेंडू डोक्यावर झेलल्याचा मेंदूवर काय परिणाम होतो, याच्या बोस्टन विद्यापीठातील अभ्यासात ती २०१९ मध्ये सहभागी झाली. त्या अभ्यासात तिच्यासोबत ब्रँडी चेस्टेनही होती.

एक गोष्ट सांगायची राहिली. ती विद्यार्थिनी पुढच्या जूनमध्ये स्थलांतर प्रमाणपत्राच्या अर्जावर सही घ्यायला आली होती. गावी जाते आहे, एवढेच म्हणाली. आमचा विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे. सही घेऊन ती निघाली. आम्ही सहज दारापर्यंत आलो. जिन्याच्या पहिल्या वळणावर ती कठड्याला धरून थांबली होती. वर पाहून 'येते' म्हणाली, पण बराच वेळ तिथून हलली नाही.