वेगाने वाढतो म्हणून

थायमस ग्रंथीतल्या बी-पेशींपासून छातीच्या मधोमध वाढणारा लिम्फोमा बहुधा तिशीतल्या बायकांना गाठतो आणि थोड्याच आठवड्यांत श्वासनलिका, मोठ्या शिरा दाबू लागतो. तरीही हा वेग म्हणजे मृत्यूचा निवाडा नव्हे, असं मला वाटतं. केमोथेरपी विभाजन चाललेल्या पेशींनाच अधिक मारते. संथ लिम्फोमा मात्र दबतो आणि पुन्हा उगवतो. छातीतल्या या वेगवान लिम्फोमावरच्या २०१३च्या अमेरिकन अभ्यासात रिटुक्सिमॅबसह केमो घेतलेल्या ५१ रुग्णांपैकी सुमारे ९३ टक्क्यांचा आजार, बहुतेकांना रेडिएशन न देताही, आटोक्यात राहिला. रुग्ण थोडे, तुलनेचा गट नाही, हा आक्षेप रास्तच. पण पुढच्या मोठ्या चाचणीतही पेट स्कॅन स्वच्छ आलेल्यांना रेडिएशन टाळता आलं. (तरुण स्तनांवर, हृदयावर किरण न पडणं ही लहान बाब नाही.) आपल्याकडे खरी भीती निराळी: छातीतल्या गाठी टीबीच्याच धरून बायोप्सीविना औषधं सुरू होण्याची.